तिसरी स्टेपनी

"अहो, किती आवळाल तो नट? तुटेल हं आता!" बायको दारातून म्हणाली.

"पुढे नदीच्या पात्रात गाडी अशी उडते, की नट ढिला राहिला तर स्टेपनी आपल्याआधी तळ्यावर पोचायची," असं म्हणून सायलेन्सरने पान्याला आणखी एक हिसका दिला.

सायलेन्सर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर तो दिवसदिवस तोंड उघडत नसे, म्हणून मित्रांनी ते चिकटवलं होतं. आज मात्र सकाळपासून त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. उद्या पहाटे तो मित्रांच्या गाड्यांबरोबर पहिल्यांदाच डोंगरापलीकडच्या तळ्यावर निघणार होता, रस्ता संपल्यावरही गाडी जिथे पुढे न्यावी लागते तिथे.

पिकअप त्याने या एकाच हौसेपोटी घेतली होती. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकलेली असायची. ती खडकांवर घासेल म्हणून त्याने मागच्या हौद्यात स्वतः आखून एक लोखंडी स्टँड बसवून घेतला. त्यावर स्टेपनी दिमाखात उभी राहिली, आणि गाडी घरासमोर. त्या वर्षी वडील गेले. मग बहिणीचं लग्न, मग आईचा अर्धांगाचा झटका. पहिली स्टेपनी जागच्या जागी म्हातारी झाली, रबराला भेगा पडल्या. दुसरीचीही तीच गत. ही तिसरी. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते हिच्यावर अजून तसेच होते. गाडी फिरायची ती घर ते छापखाना आणि घर ते दवाखाना. दवाखान्यात जाताना आईची चाकांची खुर्ची घडी करून स्टेपनीला बांधायची, त्या स्टँडचा आजवर झालेला उपयोग एवढाच.

तो हात पुसत होता तेवढ्यात फोन वाजला. बहीण आज मुक्कामाला येणार होती. आईला उचलायला दोघं लागत, म्हणून ती आल्याशिवाय त्याला हलता येत नव्हतं.

"दादा, रागावू नकोस रे. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. पाय सुजलाय. त्यांना टाकून मी कशी निघू?"

"नको निघूस," तो म्हणाला.

"तू जाणार होतास ना..."

"तळं कुठे पळून जातंय?"

फोन ठेवून तो हौद्याच्या कडेवर बसला. बायको जवळ आली. "जा तुम्ही. मी बघते कसं तरी."

"कसं तरी म्हणजे कसं? मागच्या वेळी एकटीने उचललंस आणि तुझी कंबर धरली. आठवतंय ना?"

तिचा हात कमरेवर गेला. त्याला बहिणीचा राग आला, तिच्या सासूचा आला, आणि एक क्षण, एकच क्षण, त्याच्या मनात आलं की आई नसती तर. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो उठून आत गेला आणि गरज नसताना आईची उशी नीट करून आला.

संध्याकाळी त्याचा मित्र वायरमन आला. तळ्यावर जाणाऱ्यांचा हा म्होरक्या. निघायच्या आदल्या दिवशी दारोदार जाऊन तो प्रत्येकाची स्टेपनी खाली उतरवून बघायचा. जिची स्टेपनी धड नाही ती गाडी बाद, हा त्याचाच नियम. आज त्याचा चेहरा पडलेला होता.

"काय रे, तोंड का पाडलंस?"

"सगळ्यांच्या स्टेपन्या तपासल्या, माझीच बघायची राहिली. आत्ता बघतो तर भेगाच भेगा! आता दुकानात आपला साइज नाही." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुझं रद्द झाल्याचं वहिनींनी सांगितलं. वाईट वाटलं रे. आपल्या गाड्या सारख्याच आहेत, म्हणून विचारतो..."

सायलेन्सरने पाना उचलला. इतक्या जोरात आवळलेला नट सोडवताना त्याच्या हाताची साल निघाली.

"अरे, पण तुझी गाडी?"

"ही कुठे जातेय?" सायलेन्सर म्हणाला.

पहाटे गल्लीतून गाड्या गेल्या. तो जागाच होता. त्याने डोळे मिटून घेतले आणि आवाज येईनासा होईपर्यंत ऐकत राहिला.

चार दिवसांनी स्टेपनी परत आली. वायरमनची गाडी पात्रातच पंक्चर झाली होती, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास हिच्यावर झाला. केस झिजून गेले होते, बाजूला खडकाचा ओरखडा होता, खाचांमध्ये पांढरट चिखल वाळला होता.

"धुऊन टाका ना ती," बायको म्हणाली.

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी दवाखाना होता. आईला गाडीत बसवण्याआधी त्याने खुर्ची हौद्याच्या उघड्या फाळक्यापाशी आणली. आईने चालता हात पुढे केला आणि टायरवरून सावकाश फिरवला. खाचेत एक गुळगुळीत खडा रुतला होता. नखाने कोरून तिने तो काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"ही तरी जाऊन आली," ती म्हणाली.

त्याने खडा खिशात टाकला. बायकोने पाय धरले, त्याने खांदे, आणि दोघांनी आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मग मागे येऊन त्याने खुर्चीची घडी घातली आणि ती नेहमीसारखी स्टेपनीला बांधली. खडखडू नये म्हणून गाठ एकदा ओढून पाहिली.