एका खिडकीचं घड्याळ

ते १९७३ साल. नक्की आठवतं, कारण त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराला खिडकी व्हायची होती आणि झालं घड्याळ.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे दार लावलं की पेटी. भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि वाफेला जायला वाट नसल्यामुळे भिंतींनाही घाम फुटे. हे एका पूल बांधणाऱ्या कंपनीत आराखडे काढत. पूल वेळेआधी पुरा झाला म्हणून यांना बक्षिसी मिळाली, त्यात साठवलेलं घातलं आणि खिडकीपुरते पैसे जमले. भिंत जाड होती, वर तुळई घालावी लागणार होती, म्हणून खर्च मोठा. गवंडी येऊन भिंतीवर खडूने चौकोनसुद्धा काढून गेला.

त्याच आठवड्यात माझे धाकटे दीर आले. भाऊजी औषधं विकत गावोगाव फिरायचे. बोलण्याचाच धंदा, त्यामुळे घरी आले तरी दुकान बंद व्हायचं नाही. भारी घड्याळ घ्यायचं त्यांच्या मनात होतं. यांच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "दादा, पूल एवढे मोठे काढतोस आणि घड्याळ शाळेतल्या पोराचं?"

झालं. हे रात्रभर कूस बदलत होते.

दुसऱ्या दिवशी यांनी तक्ता केला. ऑफिसातला मोठा पुठ्ठा, काळी शाई, तीन घड्याळं आणि तीन रकाने: किंमत, सोयी, विकताना काय येईल. अक्षर असं, की कुणालाही वाटावं यावरून आता पूलच बांधणार. तक्ता लावायला मोकळी भिंत एकच होती. खडूच्या चौकोनावर तो अगदी मापात बसला.

मी किमती वाचल्या आणि मनातल्या मनात माझ्या मापात बसवल्या. पहिलं सोन्याचं, कागदासारखं पातळ: चार खिडक्या. दुसरं गजर वाजवणारं, चंद्राच्या कला दाखवणारं, खोल समुद्रातही पाणी आत न घेणारं: दीड खिडकी. तिसरं साधं पोलादी, नुसती वेळ आणि तारीख: एक खिडकी.

"तारीख दिसते कुठे?" मी विचारलं.

"ही बारीकशी खिडकी आहे ना, त्यात."

"म्हणजे तारखेलासुद्धा आहे."

सासूबाई पदराआड हसल्या. यांनी न ऐकल्यासारखं केलं.

"दादा, दुसरं घे. सोयी बघ किती!" भाऊजी म्हणाले.

"सोयी काय चाटायच्यात? आपण काय समुद्रात उतरणार आहोत? विकायला जाशील तेव्हा कळेल. पोलादी घड्याळाची किंमत दरवर्षी चढते." मग हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, दोन वर्षं थांब. हे विकून दोन खिडक्या करू."

"भिंत एकच आहे," मी म्हटलं. "आणि वाफ आजची आहे."

भाऊजींनी दीड खिडकी घेतली, यांनी एक.

पोलादी घड्याळ घरी आलं ते नियम घेऊनच. डबी जपायची, पावती जपायची, काचेवरचा पारदर्शक कागद काढायचा नाही. ओरखडा पडला की किंमत पडली. पण त्याला किल्लीच नव्हती, हाताच्या हालचालीवर ते आपोआप चाले. हलतं ठेवा, नाहीतर आतलं तेल आटेल, असं दुकानदाराने बजावलं होतं. यांचा डावा हात दिवसभर कागदावर पालथा. घड्याळ दुपारपर्यंत दम टाकायचं.

"घरात सगळ्यात जास्त कोण हलतं?" यांनी विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पट्ट्याला नाडी जोडून घड्याळ माझ्या दंडावर चढलं, वरून मऊ रुमाल. मी पीठ मळलं की ते चाले, मी लादी पुसली की ते धावे. वेळ मात्र मला दिसत नसे. संध्याकाळी हे रुमाल उचलून बघत आणि खूश होऊन म्हणत, "वा! एक मिनिटसुद्धा मागे नाही."

तीन महिने मी सोसलं. मग एका रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवला आणि उठलेच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे ओरडले, "अगं, घड्याळ बंद पडलंय!"

"मी बंद पडलेय," मी म्हटलं. "ते माझ्यामागून पडलं."

यांनी ते आपल्या मनगटाला बांधलं आणि खोलीत उभं राहून हात हलवायला लागले. समोरच्या गच्चीवरून शेजारीणबाईंना वाटलं, हे त्यांना निरोप देताहेत. त्यांनीही हात हलवला.

सासूबाईंना राहवलं नाही. "अरे, नुसता वारा काय घालतोस? हात हलवायचाच तर आत भांडी पडलीत."

घड्याळापायी हे खरंच आत गेले. आठवडाभर यांनी भांडी घासली, शेजारी पातेली रटरटत, दार लावलेलं. बाहेर येत ते भिजलेल्या मांजरासारखे. "श्वास कसा घेतेस गं तिथे?" एकदा मला विचारलं. मी म्हटलं, "तक्त्यात बघा, कुठल्या रकान्यात आहे का."

पुढच्या रविवारी भाऊजी आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी आपलं घड्याळ पाण्याच्या पेल्यात सोडलं आणि पेल्यात गजर वाजवून दाखवला. हे भडकले. "चल व्यापाऱ्याकडे! आजच्या आज दोन्हींची किंमत करून घेऊ."

पुढचं मला भाऊजींनी सांगितलं. जुन्या घड्याळांचा तो व्यापारी यांची डबी बघून खूश, पावती बघून खूश, काचेवरचा कागद बघून तर त्याने चहाच मागवला. मग घड्याळ दिव्याखाली धरलं. काचेच्या आतून धुकं दाटलेलं. मागचं झाकण उघडलं, तर चाकांना गंज धरलेला.

"न्हाणीघरात ठेवत होता का?"

"स्वयंपाकघरात," हे म्हणाले.

"खिडकी नाही वाटतं?"

यांनी रिकामी डबी मिटली म्हणे. व्यापाऱ्याने अर्ध्या खिडकीची किंमत सांगितली. भाऊजी हसायला लागले, तर व्यापारी त्यांच्याकडे वळला: "तुमच्या घड्याळासारखी माझ्याकडे डझनभर पडून आहेत. तुम्हाला मी फक्त चहा देईन."

हे पोलादी घड्याळ विकूनच परतले. आल्या आल्या तक्ता उतरवला. खडूचा चौकोन खाली तसाच होता. गवंड्याने भिंत फोडली, पण पैशांत एकच झडप बसली. उरलेल्या अर्ध्या भागाला यांनी पुठ्ठा लावला. तक्त्याचाच.

भाऊजींचं घड्याळ पुढे एका सहलीत पट्टा तुटून समुद्रात पडलं. पाणी आत गेलं नसणार, अशी त्यांची शेवटपर्यंत खात्री होती. सासूबाई रोज दुपारी त्या खिडकीशी बसायच्या, त्यामुळे गल्लीतली लग्नं आमच्याकडे आधी कळायची. दुसरी झडप आमच्या मुलीने नोकरी लागल्यावर करून दिली. गवंड्याचा नातू आता घरं बांधतो, स्वयंपाकघराला दोन खिडक्या ठेवून.

हे निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना घड्याळ दिलं, बॅटरीवरचं. यांनी ते कानाला लावलं, हलवून बघितलं. "याला हलवावं लागत नाही म्हणे," जरा हिरमुसून म्हणाले. मग ते मनगटाला बांधून, सवयीने, भांडी घासायला गेले.