लोकरीच्या गाद्या

घर आवरताना अबू मुनीर आणि उम्म मुनीर यांचं जवळजवळ सगळ्यावर एकमत झालं. अडलं ते फक्त गाद्यांवर.

अबू मुनीरचं शारजाहातलं केशकर्तनालय बंद झालं होतं आणि त्याबरोबर राहण्याचा परवानाही संपत आला होता. नवराबायको अम्मानला, मधल्या मुलीकडे निघाले होते. थोरला मुनीर, ज्याच्या नावावरून दोघांना अबू मुनीर आणि उम्म मुनीर म्हणजे मुनीरचे बाबा, मुनीरची आई म्हणत, जर्मनीत होता. धाकटी लमीस इथेच एका दवाखान्यात नोकरीला होती, पण मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहणार होती. तिला स्वतःचं घर मिळेपर्यंत संसार कुठे ठेवायचा, याचं उत्तर तिनेच शोधलं. औद्योगिक वसाहतीत सामान ठेवायला गाळे भाड्याने मिळत. त्यातला एक तिने घेतला. तिथला व्यवस्थापक शाजू याने दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. खाण्याची वस्तू चालणार नाही आणि ओली वस्तू अजिबात चालणार नाही.

अबू मुनीरने काम हातात घेतलं ते न्हाव्याच्या नेटकेपणाने. टेबलाचे पाय काढले, स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी टेबलाच्याच पोटाला चिकटवली. फ्रिज पुसून कोरडा केला आणि त्याच्या दारात दुमडलेलं फडकं अडकवलं, म्हणजे आत वास कोंडणार नाही. पेले वर्तमानपत्रात गुंडाळून उभे रचले. उम्म मुनीरने चादरींच्या प्रत्येक घडीत तेजपानाच्या तेलाच्या साबणाची एक वडी ठेवली. सीरियात, तिच्या माहेरच्या हलब शहरातल्या बायका कपाटात ठेवतात तशीच, कसर लागू नये म्हणून.

गाद्या सात होत्या. उम्म मुनीरच्या लग्नात तिच्या वडिलांनी हलबच्या पिंजाऱ्याकडून भरून दिलेल्या, मेंढीच्या लोकरीच्या. ईदला मुलं, भाचरं, नातवंडं गोळा झाली की त्या दिवाणखान्यात ओळीने पडत. पण तसे सगळे एकत्र झोपले त्याला बरीच वर्षं झाली होती. अबू मुनीरचं म्हणणं होतं, देऊन टाकू. लोकर म्हणजे कसरीला आमंत्रण, आणि गाळा लहान.

"ज्यांच्यासाठी त्या भरल्या, त्यांना आता एका घरात झोपायला तीन देशांचे व्हिसे लागतात," तो म्हणाला. "कोण येणार आहे, उम्म मुनीर?"

"येतील," ती म्हणाली. "लमीसला घर मिळालं की येतील. आणि आले की जर्मनीहून गादी खांद्यावर टाकून आणणार आहेत का?"

ट्रकवाल्याला फोनवर सामान सांगताना त्याने गाद्यांचं नाव घेतलं नाही, हे तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला तेव्हा तिने सातही खोळी उसवल्या. लोकर न धुता, ऊन न दाखवता बंद केली तर मरते, असं तिची आई सांगे. तिने न्हाणीघरातल्या टबात लोकर धुतली, पिळली आणि पहारेकऱ्याची मनधरणी करून गच्चीवर पसरली. हलबमध्ये सकाळी पसरलेली लोकर दुपारच्या जेवणापर्यंत कोरडी होई. उम्म मुनीर इतकी वर्षं शारजाहात राहिली, ऑगस्टमध्ये इथे टॉवेलही वाळत नाही हे तिला रोज दिसत होतं, तरी लोकरीचा विषय निघाला की तिच्या डोक्यावर ऊन हलबचंच असे. समुद्रावरून दमट हवा आली. संध्याकाळी तिने लोकर उचलली, तर ती सकाळपेक्षा जड लागली.

अबू मुनीर परतला तेव्हा ती गच्चीच्या जिन्यावर बसली होती. चादरीत बांधलेली ओली गाठोडी शेजारी होती. ट्रक परवा सकाळी येणार होता. ओली लोकर शाजू आत घेणार नव्हता, आणि घेतली असती तरी ती कुजली असती.

"म्हणा आता," ती म्हणाली. "सांगितलं होतं म्हणा."

त्याने लोकरीत हात घातला, नाकाशी नेला. मग एक गाठोडं खांद्यावर घेऊन खाली उतरला. ती त्याच्या मागे.

दिवाणखाना रिकामा झाला होता. सोफे चादरी गुंडाळून बाहेरच्या खोलीत उभे होते. ईद सोडली तर या खोलीत पाहुण्यांखेरीज कुणी बसायचं नाही, असा उम्म मुनीरचा दंडक होता. मुलं लहान असताना दार कुलूपबंद असे. अबू मुनीरने तिथे चादरी अंथरल्या, लोकर पसरली आणि एसी चालू केला, जितका थंड होईल तितका. शेजारच्या खोलीतलाही लावला.

"दमट हवा हा खेचून घेतो," तो म्हणाला. "दुकानातले टॉवेल मी असेच वाळवायचो. बघतेस काय? काठी दे."

लोकर झोडायची डाळिंबाची काठी तिने अजून बांधली नव्हती. तो झोडत गेला, ती गुठळ्या बोटांनी सोडवत गेली. खोली इतकी गार झाली की अम्मानच्या हिवाळ्यासाठी वर ठेवलेले कोट दोघांनी बॅगेतून काढून अंगात घातले. दुसऱ्या दिवशीही तेच चाललं.

दुपारी लमीस डबा घेऊन आली. किल्लीने दार उघडून आत आली, तर घरात कुणाचा आवाज नाही. दिवाणखान्याचं दार तिने ढकललं. बाहेर माणसं घामाने निथळत होती, आणि इथे तिचे आईबाप लोकरीचे कोट घालून लोकरीच्या ढिगावर गाढ झोपले होते. आईच्या केसांत, बापाच्या मिश्यांत पांढरे पुंजके. काठी त्याच्या हातातच होती. लमीसने डबा बाहेर ठेवला, चपला काढल्या आणि आईच्या पलीकडे, उरलेल्या जागेत आडवी झाली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच पाहुण्यांशिवाय आली होती.

जाग आल्यावर आईने आधी तिला दटावलं, पाय न धुता आलीस म्हणून. मग तिच्यापुढे दाभण धरलं. डोळे काम देत नव्हते, दोरा ओवून हवा होता. अंधार पडेपर्यंत सातही खोळी शिवून झाल्या.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर शाजूने एका गादीवर तळवा दाबला, वाकून वास घेतला आणि साबणाचा वास येतोय म्हणाला. बाकी हरकत नव्हती. अबू मुनीरने सामान लावायला घेतलं. आधी लागणारं दाराशी, हा त्याचा नियम, आणि दाराशी त्याने दुकानातल्या खुर्चीसाठी जागा धरली होती. कुठे ना कुठे पुन्हा दुकान काढीन, असं तो अजून म्हणत असे. हमालांनी खुर्ची आत आणली. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून तो म्हणाला, पार मागे, भिंतीला. मग तिच्या बैठकीवर पेल्यांची खोकी रचली. दाराशी जागा मोकळी झाली. तिथे गाद्या आल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, एकीवर एक.

बाहीला चिकटलेला लोकरीचा पुंजका काढून उम्म मुनीरने मुठीत ठेवला.

शटर खाली आलं, लमीसने कुलूप लावलं. तिघं गाडीत बसली. गाडी फाटकापर्यंत गेली, तोच अबू मुनीर म्हणाला, "थांब, पोरी. मागे घे."

पायाशी, सीटखाली, काठी राहिली होती.

लमीस म्हणाली, राहू द्या, बाबा, मी ठेवीन माझ्याकडे. तो ऐकेना.

"दाबून ठेवलेली लोकर गुठळ्या धरते," तो म्हणाला. "मुलं आली की आधी झोडावी लागेल. तेव्हा तू काठी शोधत बसणार का?"

गाडी वळली. शाजू जेवायला निघाला होता, तो त्यांना पुन्हा आत सोडायला फाटकातून परत आला.