नत्थुजीचा हात

लोखंडी साखळी घेऊन मोजणीवाले आले, तवा गावात कापसाचा माज होता. विलायतेची मागणी अशी वाढली का बापा, काळ्या मातीचं सोनं झालं अन् भावाले बहीन जड झाली.

सत्यभामा माही शेजारीन, विधवा. तिच्या बापानं मराआधी पंचाईत बसवून तिले वावराच्या धुऱ्यापासून, म्हंजे बांधापासून, बारा काठ्या रुंद पट्टा देल्ला, पल्याडच्या कडेच्या विहिरीसकट. काठी म्हंजे पाच हात. पन हात कोनाचा? आमच्याकडे घरच्याचा चालत नाही. ज्याले त्या वावरात काई घेनंदेनं नाही, त्याचाच घ्या लागते. तो घेतला बापाच्या सोबत्याचा, नत्थुजी माळ्याचा. त्या हातावर कापलेली काठी पुढं वाळवीनं खाल्ली.

आता मोजणीचा कारकून म्हने, "काठी मले समजत नाही. हात दाखवा, मी साखळीत बसवतो."

"घ्या कोनाचाई," सत्यभामाचा भाऊ जानराव म्हने.

"कोनाचाई काहून?" सत्यभामा म्हने. "नत्थुकाकाचाच घ्या. काका, या."

नत्थुजी आला. फळीवर कोपर टेकवलं अन् मूठ आवळली. हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकालोक मोजतेत, हे शेंबडं पोट्टंही सांगते. यानं मुठीलोकच देल्ला.

"काका, बोटं उघडा न."

"त्यावक्ती असाच मोजला होता, पोरी."

"मी तथीच होती, काका. खोटं काहून बोलून राह्यले?"

कारकुनानं रेघ ओढली. हातामागं चार बोटं कमी, अन् पट्टा साठ हातांचा. चोवीस बोटांचा हात, तं दोनशे चाळीस बोटं म्हंजे दहा हात गेले न बाईचे! विहीर जानरावच्या अंगाले गेली. म्या बोंब मारली, पन बाईचं कोन ऐकते? मेल्या नत्थुजीनं पोरीवानी वागवलेल्या पोरीचा गळा कापला.

सकाळी मी शेन टाकाले गेली तं त्याच विहिरीचं पानी नत्थुजीच्या वांग्यात जाऊन राह्यलं होतं. जानरावची मोट, अन् नत्थुजी फावडं घेऊन बारे देत होता. सत्यभामा पान्याच्या दांडापाशी उभी होती. मले वाटलं, आता शिव्या देते.

"काका," ती हळूच म्हने, "पानी मले मांगतलं असतं तं म्या नाही म्हटलं असतं काय?"

नत्थुजीनं तिच्याकडं पाह्यलं नाही. फावड्यानं माती ओढून पानी दुसऱ्या वाफ्यात वळवलं.

"सरक बाई," तो म्हने, "पाय भिजतीन तुहे."