खालचा फ्लोट, वरचा फ्लोट

शेणवे गावाची पाण्याची टाकी आजही अर्धी भरली नव्हती, आणि यात कोणाचा तरी हात आहे अशी वैष्णवीची खात्री पटत चालली होती. टाकीवरची यंत्रणा तिनेच बसवली होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून. टाकीत दोन फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी कळवणारे तरंगते स्विच. खालचा कोरडा पडला की मोटर सुरू, वरचा भिजला की बंद. थंडीभर सगळं बिनबोभाट चाललं. उन्हं तापली आणि मोटरीला खोड लागली. सुरू वेळेवर व्हायची, पण पाणी जेमतेम खालच्या फ्लोटला लागलं की थांबायची. वरच्या आळीला थेंब मिळेना.

"यंत्र शिकलेलं हाय, पन हंडे आमचे रिकामे," वरच्या आळीतल्या सकुबाईने नळावर चारचौघींत ऐकवलं. वैष्णवीला ते फार लागलं.

घरी येऊन तिने लॅपटॉपवर सर्किटचं सिम्युलेशन उघडलं आणि एकेक वायर बिघडवून पाहिली. वायर कायम 'भिजलं' सांगते असं धरलं, मग कायम 'कोरडं'. वरच्या फ्लोटची वायर कायम 'भिजलं' म्हणाली तर मोटर सुरूच होईना. कायम 'कोरडं' म्हणाली तर टाकी वाहून जाई. सुरू होऊन मध्येच थांबणारी मोटर एकाही बिघाडात दिसली नाही. म्हणजे वायरी निर्दोष. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसं यंत्रांच्या बाबतीतही करतात.

मग हात कोणाचा? पंपघराची किल्ली चांगोकडे असायची. डोंगराकडच्या वाडीतला हा माणूस कित्येक वर्षं गावाला पाणी सोडत होता, आणि वाडीकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह त्याच पंपघरात होता. वैष्णवी तिथे गेली तेव्हा मोटर बंद होती आणि व्हॉल्व्हचं चाक ओलं.

"हे ओलं कसं, चांगोकाका?"

"धुतला. माती बसली का फिरत नाय."

व्हॉल्व्ह कोण धुतं? तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने नजर वळवली आणि बिडी पेटवली. मोटर बंद करून हाच पाणी वाडीकडे वळवतो, असं ठरवायला तिला तेवढं पुरलं.

ग्रामसभेत तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वायर असं करत नाही. कोणीतरी हातानं बंद करतंय." नाव तिने घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. सगळ्या माना चांगोकडे वळल्या. त्याने कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला. काम गावातल्याच हरेश नावाच्या पोराकडे आलं.

तरी मोटर मध्येच थांबत राहिली. शहाण्या माणसाने इथे तरी थबकावं. पण वैष्णवीच्या मनात आलं, चांगोने दुसरी किल्ली करून घेतली असणार! तिने हरेशला कुलूप बदलायला लावलं. नव्या कुलपाआडही मोटर थांबली.

मुरबाडला कॉलेजात प्रोजेक्टमधली जोडीदार सोनाली वैष्णवीने केलेला बिघाडांचा तक्ता वाचत होती. "सगळ्या वायरी एकेकट्या तपासल्यास. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर?"

वैष्णवीने दोन्ही फ्लोटच्या वायरी सिम्युलेशनमध्ये जोडल्या. खालचा भिजला, त्याच क्षणी वरचाही 'भिजलं' म्हणाला. सुरू झालेली मोटर मध्येच थांबली.

गावी परतताच ती टाकीची शिडी चढली. जास्तीच्या वायरीचा जुडगा वरच्या कठड्याला बांधलेला होता, लोखंडी तारेने, करकचून पीळ देऊन, टोक आत खोचून. उन्हाने वायरींचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि तार दोन्हींच्या तांब्यापर्यंत रुतली होती. ती गाठ तिने खळ्यावर लहानपणापासून पाहिली होती.

"मीच बांधला तो," खाली उभे असलेले तिचे बाबा, कुंडलिक, म्हणाले. "भाताचा भारा बांधतो तसा. सुटाया नको म्हून." मग हलक्या आवाजात, "वायर बदल नि गप रव. उन्हानं झाला म्हन. चांगोला काय, दुसरा काम भेटंल."

तिला बाबांची कीव आली, आणि स्वतःची किळस. तिने तार कापली, वायरी वेगळ्या केल्या. मग हरेशकडून नवी किल्ली घेतली आणि ग्रामसभेत जे बोलली होती ते चुकीचं होतं, हे त्याला आणि नळावरच्या सगळ्या बायांना मोठ्याने सांगितलं.

वाडीत चांगो अंगणात टोपली विणत होता. तिने सगळं सांगून किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली नाही.

"तुज्या त्या कंप्युटरात माजा नाव आलेला का गो?"

"नाही काका," वैष्णवी म्हणाली. "त्यात नव्हतं. ते मी घातलं."

चांगोने मान हलवली आणि पुढची कामटी उचलली. किल्ली तिच्याच हातात राहिली.