सिंगल की डबल

"सिंगल की डबल?" हा प्रश्न मला दिवसातून निदान दोनदा विचारला जातो. गिऱ्हाईक विचारतं ते कॉम्प्युटरबद्दल. माझा धाकटा भाऊ विचारतो तो माझ्याबद्दल. गिऱ्हाइकाला मी मोजून उत्तर देते. भावाला देत नाही, कारण त्याला उत्तर नको असतं, होकार हवा असतो.

आमचं दुकान गेमिंगचे कॉम्प्युटर बांधून देतं. खेळ जितका भारी, तितकं मशीन तापतं. नुसत्या पंख्याने भागेनासं झालं की आतून पाणी फिरवायचं. ते प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्यावर निवतं आणि पुन्हा कामाला लागतं. हे सगळं बसवायचं काम माझं. याच जागेत बाबा ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचे. भावाने पाटी बदलली, काचा लावल्या, निळे दिवे लावले. पाणी मात्र मीच सांभाळते, बाबांच्याच टेबलावर.

आणि ते टेबल आता जाणार होतं. मागच्या महिन्यात मी बांधलेलं एक मशीन आठ महिन्यांतच परत आलं. पाणी गळून कार्ड जळलं होतं. भावाने मला न विचारताच निकाल लावला: ताईचा जोड सैल राहिला. एक तारखेपासून टेबलावर शिकलेला कारागीर येणार, मी काउंटरवर बसणार, आणि तेही मालवाल्याशी लग्न जमेपर्यंतच. मालवाला म्हणजे आम्हाला रेडिएटर पुरवणारा माणूस. विधुर, गोडबोल्या, प्रत्येक वाक्यानंतर रुमालाने ओठ टिपणारा. मेहुणा झाला की माल वेळेवर येईल, असा भावाचा हिशोब. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी महिनाभर गप्प बसले. त्याचा मला अजून राग येतो, स्वतःचाच.

त्या दुपारी गणिताच्या निवृत्त बाई आपलं मशीन घेऊन आल्या. वय सदुसष्ट, छंद कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा.

"ढगात शिरलं की माझं मशीन किंचाळतं," त्या म्हणाल्या. "रेडिएटर एक लावू की दोन? मत नको, आकडे दाखव."

मला अशी माणसं आवडतात. तपासणीसाठी माझ्याकडे दोन जुने रेडिएटर आहेत. आधी एकावर तासभर विमान उडवलं. कार्ड चौसष्ट अंशांवर, पंखे पूर्ण जोरात. मग दुसरा जोडला आणि तेवढाच वेळ उडवलं. एकोणसाठ, आणि पंखे निम्म्या वेगाने. बाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले.

"पाचच अंश?"

"पाचच. पण आवाज ऐका."

बाईंनी कान दिला. "कुठे आहे आवाज?"

"तेच तर म्हणते. नुसता प्रोसेसर तापत असता तर एकावर भागलं असतं, दुसरा म्हणजे उगाच मिरवणं. तुमचं कार्डही तापतं, आणि तुमच्या कॅबिनेटमध्ये वाऱ्याला वाट आहे. तुम्हाला डबल."

त्यांच्यासाठी मी नव्या मालातला रेडिएटर काढला. बाबा रेडिएटर आधी तळहातावर तोलायचे, मग बघायचे. खोक्यावर 'शुद्ध तांबं' छापलेलं असतं, म्हणून मीही वर्षभर तोलायचं सोडून दिलं होतं. तेवढी चूक माझी. त्या दिवशी का कोण जाणे तोलला, आणि हात नको तितका वर गेला, इतका तो हलका. ब्लेडने कोपऱ्यावरचा काळा रंग खरवडला. खाली लाल दिसायला हवं होतं, दिसलं पांढरं. अॅल्युमिनियम. आणखी तीन खोकी फोडली. तेच.

परत आलेल्या मशीनचा रेडिएटर भावाने मालवाल्याकडे धाडला होता, पण प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा तांब्याचा ब्लॉक माझ्या खणात होता. तो उघडला. बारीक खाचांत पांढरा गाळ घट्ट बसलेला. पाणी कुठे मुरत होतं ते कळलं. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं की अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं आणि एक दिवस त्याला भोक पडतं. बाबांनी मला हे दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

तेवढ्यात भाऊ आला, बरोबर मालवाला.

"ताई, हे काय? नवा माल खरवडलास?"

"खरवडला. बघ."

मालवाल्याने ओठ टिपले. "मॅडम, रंगाखाली कोण बघतं? आणि पाण्याला काय कळतं, तांबं आहे का दुसरं काही?"

"पाण्याला सगळं कळतं," मी म्हटलं आणि ब्लॉक भावापुढे ठेवला. "हा त्या मशीनमधला. माझा जोड सैल असता तर पाणी जोडाशी गळलं असतं. ते रेडिएटरच्या कोपऱ्यातून गळलं. मशीन परत आलं तेव्हा फोटो तूच काढलेस."

भावाने बाईंकडे पाहिलं. "लोकांसमोर नको. आत बोलू."

"माझं नाव लोकांसमोर खराब केलंस ना? मग इथेच बोलू."

"अहो, आता आपण घरचेच होणार," मालवाला म्हणाला. "एवढ्यातेवढ्यावरून कशाला..."

"कोण होणार घरचे? मला विचारलं कुणी? विचारलं नाही तरी सांगते. नको. मालही नको आणि तुम्हीही नको."

"दोन प्रश्न, एक उत्तर," बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या. "सुटसुटीत आहे."

मालवाल्याचा गोडवा तिथेच संपला. "वय बघा स्वतःचं. अशाच सिंगल राहाल."

"राहीन की. डबलशी माझं वैर नाही, बाईंना आत्ताच डबल सुचवलं. फक्त दोन्ही एका धातूचे लागतात."

तो खोकी तशीच टाकून निघून गेला. रुमालही विसरला.

"आता माल कुठून आणू?" भाऊ भडकला. "तू टेबल सोडच, ताई."

"सोडत नाही. तुझा कारागीर येऊ दे, त्याला एक स्टूल आण. शिकवीन त्याला."

चाचणीला लावलेले माझे दोन जुने तांब्याचे रेडिएटर मी बाईंनाच द्यायचे ठरवले आणि त्यांच्या मापाच्या नळ्या कापायला घेतल्या. माप चुकलं नाही. भाऊ खोक्यांपाशी गेला. मग त्याने एक रेडिएटर उचलला, डोळे मिटून तळहातावर तोलला. अगदी बाबांसारखा. लहानपणी बाबांनी त्यालाही शिकवलं होतं, तो विसरला असेल असं मला वाटायचं.

"ब्लेड दे," तो म्हणाला.

दिलं. त्याने एक खरवडला, मग दुसरा. पाचव्यानंतर थांबला.

"ताई, त्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं की चूक तुझी होती."

"माहीत आहे मला."

"चुकलं माझं."

"मला काय सांगतोस? त्याला फोन कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने फोन काढला. बाईंचं विमान पडद्यावर अजून ढगातून चाललं होतं, दोन रेडिएटरवर. पंख्यांचा आवाज इतका कमी होता की भावाचा शब्द न् शब्द दुकानभर ऐकू आला.