तिसऱ्या जिनावरचा खोकला

मालक हा मजुराचा मायबाप असतो. आंध्रातल्या आदिलाबादजवळ, भीमपूरच्या रस्त्यावरल्या एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत हे वाक्य भिंतीवर रंगवलेलं होतं, आणि मालक सुधाकरराव ते मनापासून मानत. दसऱ्याला ते यंत्रांबरोबर कारखान्याच्या कायद्याच्या तक्त्यालाही झेंडूचा हार घालत. तक्ता तेलुगूत होता, त्यामुळं त्यातलं काही पाळायचा प्रसंग आला नव्हता. कापसाची धूळ बाहेर ओढायची सोय मालकानं करावी, असं त्यात कुठंसं होतं म्हणे. मायबाप उदबत्ती मात्र रोज लावत.

गोष्ट चौऱ्याण्णव सालची. सुरतेत प्लेग आल्याची बातमी रेडिओवरून त्याच दिवशी कळली. भीती पायी निघालेली. ती दसऱ्यानंतर, सुरतेतली साथ ओसरल्यावर पोचली.

गावानं आपल्या रीतीनं बंदोबस्त केला. लाकडाचा हातभर गाडा करून त्यात हिरवं नेसवलेली मरीमायची बाहुली बसवली, लिंबू-बांगड्या ठेवल्या आणि वाजतगाजत गाडा शिवेवर नेऊन सोडला. पुढचं पुढच्या गावानं पाहावं. सुधाकरराव नांदेडला बी.कॉम. झालेले, ते या अडाणीपणाला हसले. रोग असा दुसऱ्याच्या शिवेत ढकलून जातो काय, असं त्यांनी आपल्या दिवाणजींना, माणिकरावांना विचारलं. मग हुकूम सांगितला, की जो खोकेल त्याला कुंपणाबाहेर शिवेवर नेऊन ठेवावं, त्याच्याजवळ कोणी जाऊ नये, आणि तो बाहेर असेल तोवर मजुरी देऊ नये. याला त्यांनी आरोग्याचं धोरण म्हटलं.

अडचण एवढीच, की जिनिंगमध्ये सगळेच खोकत. पहाटेपासून यंत्रात कापूस घालायचा, तर त्याचे बारीक तंतू नाकातोंडात जाणारच. बायांनी एका दिवसात तोड काढली. यंत्राचा खडखडाट चालू असताना मनसोक्त खोकून घ्यायचं आणि यंत्र थांबायच्या आत आवरतं घ्यायचं. धोरण उत्तम चाललं.

सरकी काढायच्या यंत्रांना जिन म्हणत; त्यातल्या तिसऱ्या जिनावर बयनाबाई होती. पैनगंगेपलीकडची विधवा, हंगामभर जिनिंगच्या चाळीत राहायची. नवरा गेल्यावर घर दिरांनी घेतलं. तिसऱ्या जिनासमोरची पाटाएवढी जागा तेवढी तिची म्हणावी अशी उरली होती.

एका दुपारी लाईट गेली. यंत्रं न सांगता थांबली. बाकीच्यांनी खोकला गिळला. बयनाबाईचा अर्ध्यावर आलेला, तो काही केल्या परतेना. नेमके सुधाकरराव नाकाला रुमाल धरून दारात उभे होते.

"कोण खोकून राह्यलं?" माणिकरावांनी विचारलं. सगळे तिच्याकडंच पाहत होते.

"मीच," बयनाबाई म्हणाली. "पर दिवाणजी, सगळ्याच खोकतेत. माह्या वक्ताले लाईट गेली."

तिनं बायांकडं पाहिलं. शेजारच्या जिनावरची राहीबाई, तिची जिवाभावाची, हातातल्या कापसात काडीकचरा शोधत होती. एरवी ती इतकं निवडून कधी घालत नसे.

शिवेवर राखणीची एक पडकी खोपी होती, तिथं बयनाबाईला ठेवलं. मरीमायचा गाडाही तिथंच पडलेला होता. दुसऱ्या दिवशी ती पैनगंगेच्या काठापर्यंत जाऊन आली. पलीकडून तिच्या गावच्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. शिवेवर टाकलेलं कोणी गावात घेत नाही, ही रीत नदीच्या दोन्ही काठांना सारखीच होती.

राहीबाई रोज येई आणि शिवेच्या दगडावर भाकर ठेवून लांब उभी राही.

"बयना, भाकर ठेवली वं."

"ठेव. नारळ नाही आणला काय? देव केलं मले, तं पुरं तरी करा."

राहीबाई हसत नसे. ती गेली की बयनाबाई भाकरीचा एक तुकडा बाहुलीपुढं ठेवी. तुले तरी वाजतगाजत आणलं माय, असं तिला सांगे. दिवसभरात तिचं बोलणं तेवढंच. बाकी वेळ ती वाऱ्यावर येणारा जिनिंगचा आवाज ऐकत बसे. तिसऱ्या जिनाची घरघर तिला वेगळी ओळखू येई. त्यात कापूस कोण घालतंय, ते आवाजावरून कळत नव्हतं.

मध्यंतरी आदिलाबादहून डॉक्टर आले. त्यांनी सगळ्यांच्या छात्या तपासल्या. हा प्लेग नाही, कापसाची धूळ आहे, धूळ ओढणारा पंखा लावा, असं सांगून ते चहा पिऊन गेले. सुधाकररावांनी सुटकेचा श्वास टाकून हुकूम मागं घेतला. बयनाबाईला ते कळलं नाही. तिच्याजवळ जाऊ नये असा एक हुकूम निघाला होता. जाऊन सांगावं असा दुसरा निघाला नाही.

राहीबाई मात्र रोज येतच होती. भाकर ठेवायची आणि परतायची.

एका सकाळी गाडा जागेवर नव्हता. पुढच्या गावानं तो आणखी पुढं ढकलला असावा. बयनाबाई दगडाजवळ येऊन बसली.

"बाहुली गेली," ती राहीबाईला म्हणाली. "माही पाळी कदी?"

राहीबाई उभी होती ती खाली बसली. "हुकूम कवाचाच उठला, बयना. डाक्तर म्हणे धूळ हाये, पंखा पाह्यजे." मग दगडावरची भाकर पुढं सरकवत, "तुह्या जाग्यावर माह्या सुनेले लावलं. म्हणून बोलली नाही."

बयनाबाईनं भाकर मोडून अर्धी तिच्यापुढं केली. "जेव. बाहुलीसंग जेवून कटाळली मी."

दुपारी ती जिनिंगवर गेली. तिसऱ्या जिनावर राहीबाईची सून तोंडाला पदर लावून खोकत होती. यंत्र चालू होतं, म्हणून ते ऐकू येत नव्हतं. खांदे हलत होते तेवढे दिसत होते.

सुधाकररावांचं मन मोठं. त्यांनी बयनाबाईला दारातूनच सांगितलं, की झालं गेलं विसरून जा, उद्यापासून तुझी जागा तुला. त्या पोरीला काढतो.

"तिले काढू नका, मालक," बयनाबाई म्हणाली. "मले नका घेऊ. पंखा घ्या."

आणि चाळीतलं गाठोडं घेऊन ती आदिलाबादच्या रस्त्याला लागली. पैनगंगेकडं तिनं पाहिलं नाही.

सुधाकररावांच्या मनाला हे फार भिडलं. पुढं कित्येक दिवस आल्यागेल्याला ते सांगत होते, की एवढीशी बाई, पण केवढा त्याग. दिवाळी झाल्यावर पंखा आला.

तो त्यांनी कचेरीत लावला.