एकतीस दिव्यांचा मासा

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, भट्टीतून निघाले तेव्हा मी लालबुंद होते. निवत निवत पारदर्शक झाले. माझ्या बहिणी कुठे गेल्या, कोण जाणे. मला मात्र एक मासा मिळाला.

वीतभर लांब, काळाकुट्ट. जिथे उजेडच पोहोचत नाही, इतक्या खोल पाण्यात तो राहत असे. म्हणून त्याच्या पोटावर स्वतःच्याच दिव्यांची रांग होती. आता ते विझून फिके ठिपके झाले होते. आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या सरांनी तो कुजू नये म्हणून त्याला हलकेच स्पिरिटमध्ये सोडले, ओळखीच्या एका जातीचे नाव चिठ्ठीवर लिहिले आणि ती माझ्या गळ्यात बांधली. पाहुणे मला उचलून उजेडात धरत. मासा आत हळूच डोले, आणि मला वाटे, मीच समुद्र आहे.

मग सर निवृत्त झाले. माझ्यावर धूळ साचली, झाकण सैल झाले. स्पिरिट उडत गेले आणि माशाची पाठ उघडी पडली. मी काय करणार? बरणीला हात नसतात.

पुढे सरांची विद्यार्थिनी आमच्या बरण्यांच्या खोलीची प्रमुख झाली. सगळे तिला ताई म्हणत. एके सकाळी तिने मला पुसले, स्पिरिट भरले आणि मासा भिंगाखाली धरून ठिपके मोजले. एकतीस! चिठ्ठीवरच्या जातीला तर चोवीसच असतात. हनुवटीखालची मिशीही निराळी, टोकाला फाटे फुटलेली. ताईने महिनाभर फळ्यांवरच्या बरण्यांतले मासे तपासले. तसा आणखी एकच सापडला, माझ्याच शेजारणीत. ही जात आजवर कुणी नोंदवलीच नव्हती.

पण ताईचा चेहरा उतरला. "ज्यांनी मोजायला शिकवलं, त्यांचीच चूक कशी दाखवू?" ती पुटपुटली. तरी तिने सरांना बोलावले.

सर काठी टेकत आले. भिंगाला डोळा लावून, ओठ हलवत मोजू लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

"एकतीस," ते अखेर म्हणाले. "त्या दिवशी मी मोजलेच नव्हते गं. नुसतं पाहिलं आणि लिहून मोकळा झालो."

"सर, या जातीला तुमचंच नाव देते."

"छे! चुकीबद्दल बक्षीस देतेस होय?" सर हसले, पण त्यांनी डोळेही पुसले. "त्याच्या दिव्यांवरून ठेव. बिचारा इतकी वर्षं दुसऱ्याच्याच नावानं राहिला."

ताईने जुनी चिठ्ठी काढली नाही. तिच्याशेजारी नवी बांधली. तिच्यावरचे नाव सरांनीच लिहिले.

मित्रांनो, आमच्या खोलीत अशा हजारो बरण्या आहेत. कधी आलात, तर आमच्यावरची धूळ पुसा आणि आत निवांतपणे पाहा. सर आता दर मंगळवारी येतात. ताई खिडकीशी त्यांची खुर्ची मांडते, पुढची बरणी उतरवते, आणि दोघे बोलणे थांबवून मोजू लागतात.